पाणी किती तापवावे?

घर तापविण्याची गरज कांदिवलीला कधी पडली नाही. ॲन्टवर्पला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात जाऊन आलेले आईवडील तिकडच्या पेलेट शेगडीचे कौतुक सांगतात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या शेगडीत आपोआप पडतात, पंखा त्यांना मोजकी हवा पुरवितो आणि ठरविलेले तापमान आले की आग स्वतःहून मंदावते. कांदिवलीत या यंत्राचा उपयोग काय? महावीर नगर असो, डहाणूकरवाडी असो, चारकोपची बैठी घरे असोत वा पूर्वेकडील ठाकूर व्हिलेजचे मनोरे असोत, डोक्यावरचा पंखा येथे जवळजवळ वर्षभर फिरत असतो.

पाणी मात्र येथे रोज तापते. अंघोळीसाठी तापते, पूजेला जाण्यापूर्वीच्या स्नानासाठी तापते आणि ज्या घरांत पक्के पाणी पिण्याचा नियम आहे तेथे पिण्यासाठीही तापते. तेव्हा काटा कोणत्या अंकावर ठेवावा हा प्रश्न येथील गृहिणीपुढेही आहेच. तो खोलीचा नसून टाकीचा आणि पातेल्याचा आहे एवढेच.

जैन घरात या प्रश्नाला दोन खाती आहेत. एक वीज आणि गॅसच्या बिलाचे. ते व्यापारी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. दुसरे खाते षट्कायाचे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस अशा सहा जीवनिकायांची ओळख पाठशाळेतील लहान मुलालाही असते. दशवैकालिक सूत्राचे चौथे अध्ययन याच विषयाला वाहिलेले आहे. पाणी तापविताना अप्काय आणि तेउकाय दोन्हींची विराधना होते. श्रावक गृहस्थ आहे, चूल पेटविल्याशिवाय त्याचा संसार चालत नाही, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. म्हणून तर त्याच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमणाचे स्वतंत्र व्रत आहे. गरजेपुरती हिंसा अटळ असली तरी गरजेवाचूनची हिंसा टाळता येते, आणि ती ओळखायची तर गरज किती हे आधी मोजावे लागते. चौदा नियम धारण करणारे श्रावक रोज सकाळी स्नानाची मर्यादा ठरवितात. काही जण त्यासोबत तेउकायाचीही, म्हणजे आज किती चुली पेटतील याची, मर्यादा बांधून घेतात. त्या मोजणीत गिझर धरला जातो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

मोजणीस बसले की एक विसंगती चटकन दिसते. ज्या पाण्याला चाळीस अंश पुरेत ते पुष्कळ घरांत सत्तरच्या पुढे तापविले जाते. ज्या पाण्याला खरोखर शंभर अंश हवेत, त्याला एक तर पहिल्या बुडबुड्यावरच उतरविले जाते, नाही तर मोठ्या आचेवर अर्धा तास ठेवून विसरले जाते.

गिझरचा काटा

अंघोळीचे पाणी सुखकर वाटते ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास. नळाचे पाणी 25 अंश धरले, तर 15 लिटरची बादली 40 अंशांवर आणण्यास 225 किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत हे सुमारे पाव युनिट झाले. आता गिझरकडे पाहू. 15 लिटरची टाकी 25 वरून 70 अंशांवर नेण्यास 675 किलोकॅलरी, म्हणजे पाऊण युनिटाहून किंचित अधिक वीज खर्च होते. एका माणसाने तिच्यातील पाच लिटर कढत पाणी दहा लिटर थंड पाण्यात मिसळले की त्याची 40 अंशांची बादली भरते. उरलेली दोन-तृतीयांश उष्णता टाकीतच राहते. मागून कोणी अंघोळीला आले तर ती कामी येईल. न आल्यास संध्याकाळपर्यंत हळूहळू स्नानघराच्या हवेत विरून जाईल.

येथे काट्याइतकाच क्रम महत्त्वाचा ठरतो. 60 अंशांवर तापलेल्या 15 लिटर पाण्यात 25 अंशांचे 20 लिटर पाणी मिसळले तर 40 अंशांचे 35 लिटर पाणी मिळते. अर्थात एका टाकीत दोन बादल्या निघून थोडे उरते. चौघांच्या कुटुंबाने लागोपाठ अंघोळी उरकल्या तर टाकी दोनदा तापवून भागते आणि वाया जवळजवळ काही जात नाही. त्याऐवजी आजोबा साडेपाचला, सून सातला, मुलगा दुकानाच्या वेळेला आणि नात दुपारी अशी विभागणी झाली, व बटण मधल्या काळात चालूच राहिले, तर तेच पाणी पुनःपुन्हा थंड होते आणि पुनःपुन्हा तापते. गिझरवर जे तारे छापलेले असतात त्यांचा संबंध याच गळतीशी आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ही श्रेणी ठरते ती टाकी नुसती तापलेल्या स्थितीत उभी असता चोवीस तासांत किती वीज गमावते यावरून. पाणी तापविण्यास लागणारी मूळ उष्णता पाच ताऱ्यांच्या यंत्रातही तेवढीच असते. बटण दिवसभर चालू ठेवणाऱ्याला ताऱ्यांचा लाभ अधिक. मोजके पंधरावीस मिनिटे चालविणाऱ्याला तुलनेने कमी.

यातून एक साधी रीत निघते. शेवटी अंघोळ करणाऱ्याने बटण अंघोळीनंतर बंद न करता स्नानघरात शिरण्यापूर्वीच बंद करावे. त्याला लागणारे पाणी टाकीत तयारच असते. चालू बटणासह तो पाणी घेत राहिला, तर जेवढे गरम पाणी बाहेर येईल तेवढे थंड पाणी आत शिरते आणि गिझर ते कोणासाठीही नसताना तापवून ठेवतो. हीच ती अनर्थदंडाची नेमकी जागा. ओल्या हातांनी विजेच्या बटणाशी जाणेही यामुळे टळते.

काटा मग कोठे असावा? बाहेर फिरकी असलेल्या गिझरवर ती बहुधा 75 अंशांपर्यंत जाते आणि घर लावताना वीजतंत्री ती शेवटच्या टोकाला फिरवून जातो. ती 60 वर आणून ठेवणे बरे. 2 किलोवॅटचा गिझर 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर साधारण अठरा मिनिटांत आणतो. त्याआधी तासभर बटण दाबून ठेवण्याचे कारण नाही. काटा फार खाली आणू नये. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात काही रोगजंतू वाढतात, त्यामुळे असे पाणी टाकीत दिवसेंदिवस साठवून ठेवणे हितकर नाही. फार वर नेल्यास क्षार लवकर साठतात. महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी मृदू असल्याने ही अडचण कमी. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे वा टँकरचे पाणी मिसळले जाते तेथे तापणाऱ्या नळीवर पांढरा थर चढतो आणि तेवढेच पाणी तापण्यास वेळ अधिक लागू लागतो. अशा घरी वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी. आणि काटा साठवर असला तरी ते पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून बादलीत आधी थंड आणि मग गरम असाच क्रम असावा. घरात लहान मूल वा वृद्ध असल्यास तर निश्चितच.

गिझरची एक अडचण धर्माचरणाच्या अंगाने नेहमी निघते. पाणी गाळून वापरण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांच्या टाकीत पाणी थेट नळातून, न गाळता शिरते. म्हणून काही श्राविका अजूनही बादलीत गाळलेले पाणी घेऊन त्यात विजेचा रॉड सोडतात. हिशेबाने पाहिले तर ही सर्वांत काटकसरीची पद्धत होय. दीड किलोवॅटचा रॉड 15 लिटरची बादली 25 वरून 40 अंशांवर दहा-अकरा मिनिटांत आणतो आणि त्यात एक थेंबही जास्तीचा तापत नाही. धोक्याने पाहिले तर हीच सर्वांत वाईट. तिला काटा नसतो, आपोआप बंद होणे नसते, आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापले का' पाहण्याची सवय जिवावर बेतू शकते. बटण बंद करून, प्लग उपसून, मगच पाण्याला हात लावावा. बादली लोखंडी नसावी. हे ज्या घरात कटाक्षाने पाळले जाणार नाही, त्या घराने गाळलेले पाणी स्वयंपाकघरातच पातेल्यात तापवावे हे उत्तम.

गॅस गिझर आणि बंद खिडकी

याहून गंभीर गोष्ट गॅस गिझरची. तो जागा थोडी अडवितो, पाणी साठवीत नाही आणि नळ सोडताच तापवितो. त्यामुळे साठवणीची गळती नाही आणि बिलाच्या दृष्टीने तो आकर्षक दिसतो. त्याच्यावर बहुधा तीन फिरक्या असतात : एक ज्योतीची, एक पाण्याच्या प्रवाहाची आणि एक उन्हाळा-हिवाळ्याची. मुंबईच्या हवेत तिसरी फिरकी बारा महिने उन्हाळ्यावर राहिली तरी चालते. मग कमी ज्वालामुखे पेटतात. ज्योत आधी कमी करावी आणि मग प्रवाह जुळवावा. आधी मोठी ज्योत करून नंतर बादलीत थंड पाणी ओतणे म्हणजे एका हाताने जमा आणि दुसऱ्याने खर्च.

परंतु या यंत्राबाबत बचतीचा विचार दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ज्योत जळते ती खोलीतील प्राणवायूवर. लहान बंद स्नानघरात हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. श्वासातून तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. माणसाला जडपणा येतो, चक्कर येते, आणि दार उघडण्याचे भान राहण्यापूर्वीच शुद्ध हरपते. मुंबई आणि उपनगरांत असे मृत्यू झालेले आहेत, तेही सुशिक्षित आणि सुस्थितीतील घरांत. म्हणून गॅस गिझर स्नानघराच्या आत नसावाच. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या बाजूला बसवावा आणि तेथून फक्त पाण्याची नळी आत आणावी. आत बसविलेला असेल तर हलवून घ्यावा. तोवर पाणी बादलीत भरून, ज्योत विझवून, मग अंघोळीला बसावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडून काजळी धरू लागली तर ते हवा कमी पडत असल्याचे चिन्ह समजावे आणि त्याच दिवशी यंत्र बंद ठेवावे. नव्या सजावटीत स्नानघराची हवेची जाळी काच लावून बंद करून टाकण्याची हौस अनेकांना असते. त्या हौसेपुढे ही एवढी सूचना पुरेशी ठरावी.

बंब आणि हवेचे दार

आग म्हणजे इंधन आणि हवा यांचा मेळ, हे जुन्या घरांतील बायकांना यंत्राविना ठाऊक होते. तांब्याचा बंब आठवावा. मधून धुराडे, भोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेचे छोटे दार. वरून ढलप्या, करवंट्या वा कोळसे टाकायचे. पेटविताना ते दार पूर्ण उघडे, निखारे धरले की अर्धे, आणि पाणी तापल्यावर जवळजवळ बंद. दार सताड उघडे राहिले तर इंधन भडभडून जळे आणि निम्मी उष्णता धुराड्यातून वर निघून जाई. अगदी बंद केले तर धूर कोंडे. शिवाय बंबात थंड पाणी ओतावे तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर येई, त्यामुळे घेणाऱ्याला आपण किती घेतो हे आपोआप मोजावे लागे. सांगली-कोल्हापूरकडे मुळे असलेल्या कुटुंबांत हे बंब कालपरवापर्यंत होते.

पेलेट शेगडीने याच दाराला पंखा बसविला. हे काम परदेशातच झाले असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनाच्या आधारे बीपी या तेल कंपनीने 2006 मध्ये 'ऊर्जा' नावाची शेगडी बाजारात आणली आणि पुढे ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आली. शेतातील काडीकचरा, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले दाबून केलेल्या कांड्या तिच्यात भरीत. सुमारे सहाशे ग्रॅम कांड्या तासभर जळत. बॅटरीवरचा इवलासा पंखा खालून थोडी हवा देई, तिने कांड्यांतून ज्वलनशील वायू निघे. वरच्या भोकांतून येणारी हवा तो वायू धुराशिवाय जाळी. बाहेरची फिरकी पंख्याचा वेग कमीजास्त करी. मोठ्या आचेने पाणी उकळीस आणावे आणि मग फिरकी खाली आणावी, एवढेच तिचे तंत्र. वेग उगाच वाढविला तर जास्तीची हवा उष्णताच उडवून नेते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या महिला बचत गटांनी ती विकली, आणि देशभरात चार लाखांहून अधिक शेगड्या गेल्या. पुढे काय झाले ते व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. शेगडी उत्तम होती, पण ती कांड्यांवाचून चालत नसे. चिपाडांना इतर कारखान्यांतून मागणी आली, कच्चा माल महागला, कांड्यांचा भाव चढला, आणि सवलतीच्या गॅसशेजारी घरगुती ग्राहक टिकेना. कंपनी हळूहळू उपाहारगृहे आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. यंत्र एकदा विकले जाते, इंधन रोज पुरवावे लागते. सरपणातील किडामुंगीच्या रक्षणाच्या दृष्टीने कोरड्या, दाबलेल्या कांड्या ओल्या लाकडाहून कितीतरी बऱ्या, यात शंका नाही. परंतु त्यांच्या व्यापाराचा विचार ज्यांच्या मनात येईल त्यांनी पंधरा कर्मादानांतील अंगारकर्माविषयी आपल्या गुरुमहाराजांना आधी विचारून घ्यावे.

पक्के पाणी

आता शंभर अंशांकडे. एक गैरसमज प्रथम दूर व्हावा. गिझरचे किंवा गच्चीवरील सौर टाकीचे पाणी कितीही कढत लागले तरी ते पक्के पाणी नव्हे. साठ-सत्तर अंशांचे पाणी परंपरेने मिश्र मानले जाते, म्हणजे काही अंशी सचित्तच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून आलेल्या पाण्याचेही तसेच. ते आरोग्यास निर्धोक असेल, त्याने अचित्त होत नाही. श्वेतांबर परंपरेत पाण्याला तीन उकाळे आले पाहिजेत. शास्त्रकारांनी त्याचा खुलासा असा केला आहे की, पहिल्या उकाळ्याने थोडे पाणी अचित्त होते, दुसऱ्याने बरेचसे होऊन थोडे उरते आणि तिसऱ्याने सर्व होते. आयंबिल, एकासणे, उपवास करणाऱ्यांच्या घरी हे ठाऊक असते. नव्या सुनांना आणि स्वयंपाकाच्या बाईंना मात्र ते समजावून सांगावे लागते.

तीन उकाळे म्हणजे अर्धा तास भडभडा उकळणे नव्हे. पाणी एकदा उकळले की समुद्रसपाटीजवळच्या कांदिवलीत त्याचे तापमान शंभर अंशांवर थांबते. ज्योत दुप्पट केली तरी ते एका अंशानेही वाढत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफ करण्यात जाते, आणि वाफेला उष्णता फार लागते. एक लिटर पाणी 25 वरून 100 अंशांवर आणण्यास 75 किलोकॅलरी पुरतात. तेच लिटर वाफ होऊन उडण्यास 540 किलोकॅलरी लागतात. दहा लिटरच्या पातेल्यातून अर्धा लिटर पाणी उडाले, तर पातेले उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागली तिच्या एक-तृतीयांशाहून अधिक उष्णता वाफेबरोबर खिडकीबाहेर गेली असे समजावे. चांगल्या शेगडीवर, झाकण ठेवून, दहा लिटर पाणी उकळीस येण्यास सुमारे शंभर ग्रॅम गॅस लागतो. ज्योत पातेल्याच्या तळाबाहेर येऊन कडा चाटत असेल, झाकण नसेल आणि उकळी आल्यावरही फिरकी मोठीच राहिली, तर हाच आकडा दीडपटीच्या पुढे जातो. म्हणून पसरट तळाचे पातेले, झाकण, आणि पहिली उकळी येताच फिरकी निम्म्यावर. मग तीन वेळा पाणी उसळून येऊ द्यावे, आणि ज्योत बंद करावी.

किती उकळावे याचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे, कारण पक्क्या पाण्याला काळाची मर्यादा आहे. श्वेतांबर परंपरेत ते पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर अचित्त राहते. प्रहर साधारण तीन तासांचा, म्हणजे अनुक्रमे नऊ, बारा आणि पंधरा तास. दिगंबर कुटुंबांत नीट उकळलेले पाणी चोवीस तास चालते, नुसते गाळलेले अठ्ठेचाळीस मिनिटे. चातुर्मासात सकाळी सहाला मोठे पातेले उकळून ठेवणाऱ्या घराचे पाणी दुपारी तीनला मर्यादेबाहेर जाते. उरलेले पाणी पुन्हा चढवायचे, की सकाळी निम्मेच उकळून दुपारी निम्मे? दुसरा मार्ग सरळ आहे. चार माणसांच्या घरात तप कोणाचे आणि दिवसभरात पाणी किती लागते याचा आठवडाभर अंदाज घेतला की पातेल्याचे माप आपोआप ठरते.

साधू-साध्वीजी महाराजांना वहोरावयाच्या पाण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. उपाश्रय जवळ असला की भक्तिभावाने 'महाराजसाहेब येतील' म्हणून दोन लिटर अधिक चढविण्याची प्रवृत्ती होते. ते पाणी त्यांच्यासाठी म्हणून उकळलेले असल्याने त्यांना कल्पत नाही, आणि ते आले नाहीत तर उरतेच. ज्या घरात स्वतः कोणी पक्के पाणी पिते त्या घरातून घेतलेले पाणीच निर्दोष. तेव्हा घरातील एकाने तरी पक्क्या पाण्याचा नियम घेणे हीच त्यांची खरी सोय.

उकळलेले पाणी परातीत पसरून निवविताना परात उंचावर, जाळीच्या झाकणाखाली ठेवावी. गरम पाण्यात पडणारा एखादा जीव ही त्या सकाळची सर्वांत मोठी चूक ठरेल. निवलेले पाणी माठात भरले की ज्योत बंद केल्याची वेळ कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती माठाच्या झाकणावर चिकटवावी. दुपारी घरात कोण असेल, कोण पाणी घेईल, हे सकाळी सांगता येत नाही. चिठ्ठी मात्र तेथेच असते.